मेलेले माकड कोणी उचलायचे?

मार्च सरत आला, मुलांच्या परीक्षा आटोपत आल्या की ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या चाळींतून गावाकडची बोलणी सुरू होतात. दिवा-सावंतवाडी गाडी तुडुंब भरून जाते. कुणाला पावसाआधी घराची कौले परतायची असतात, कुणाच्या भावाची चार काजूची झाडे असतात, तर कुणी दुसऱ्याच्या बागेत रोजावर काजू वेचायला जाते. नेमक्या याच दिवसांत सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडी भागात आणि पलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जंगलाच्या कडेने एक आजार फिरत असतो. त्याला लोक माकडताप म्हणतात. गावी जाणाऱ्यांची बोचकी बांधून होण्याआधी या तापाची माहिती घरोघर पोहोचावी, म्हणून आजचे सदर आम्ही त्यासाठी राखून ठेवले आहे.

पहिली गोष्ट अशी की, माकडताप हे नाव माकडावर अन्याय करणारे आहे. हा आजार माकड पसरवीत नाही. माकड त्याने मरते, आणि माणसाच्या आधी मरते. आजार पसरवतो तो माकडाच्या अंगावर चिकटून रक्त पिणारा गोचीड. दुसऱ्याच्या रक्तावर जगणाऱ्यांना परोपजीवी म्हणतात. असे परोपजीवी समाजातही पुष्कळ आहेत, पण त्यांच्याविषयी या पानांवर नेहमीच लिहून येते. आज फक्त सहा आणि आठ पायांच्या परोपजीवींविषयी बोलू.

ही हकिकत १९५७ सालची आहे. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या आसपास वानरे आणि माकडे मरून पडू लागली. पाठोपाठ जंगलालगतच्या गावांतील माणसे तापाने फणफणू लागली. आफ्रिकेतला आणि दक्षिण अमेरिकेतला पिवळा ताप भारतात शिरला की काय, अशी भीती निर्माण झाली, कारण त्या तापातही माकडे मरतात. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे पथक डॉ. टेलफोर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली तेथे गेले. याच केंद्राला पुढे राष्ट्रीय विषाणू संस्था हे नाव मिळाले. पथकाने मेलेली माकडे तपासली, आजारी माणसांचे रक्त तपासले, जंगलातील गोचीड गोळा केले, आणि पिवळा ताप नसून हा वेगळाच विषाणू आहे हे सिद्ध केले. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर जंगलाचा आजार हे नाव पडले. हे संशोधन सुखासुखी झाले नाही. काम करता करता प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांनाही या तापाची लागण झाली होती. पुस्तकात एका ओळीत येणाऱ्या माहितीमागे अशी माणसे उभी असतात, ती आपण विसरू नये.

आता गोचिडाचे चरित्र पाहू. पावसाळा संपता संपता अंड्यांतून सहा पायांची बारीक पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, खारी, पक्षी, माकडे अशा मिळेल त्या प्राण्याच्या अंगावर चढतात, एकदा पोटभर रक्त पितात आणि खाली गळून पडतात. कात टाकली की त्यांना आठ पाय येतात. ही दुसरी अवस्था टाचणीच्या डोक्याएवढी असते आणि माणसाला बहुतेक वेळा हीच चावते. ती जंगलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फार असते, म्हणून माणसांतील तापही डिसेंबरपासून मेपर्यंत दिसतो. पुन्हा एकदा रक्त पिऊन, पुन्हा कात टाकून गोचीड मोठा होतो आणि मग त्याला गाई-म्हशींसारखी मोठी जनावरे लागतात. गुरांना या तापाचा विशेष त्रास होत नाही, पण त्यांच्या रक्तावर गोचिडांची संख्या मात्र वाढते. एकदा विषाणू अंगात शिरला की त्या गोचिडाच्या पुढच्या अवस्थांतही तो टिकून राहतो.

यात माकडाचे स्थान कोणते? माकडाला लागण झाली की त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. त्याच्या अंगावरचे शेकडो गोचीड तो पितात. माकड मेले, अंग थंड पडले की हे सारे गोचीड त्याला सोडून आजूबाजूच्या पाचोळ्यात उतरतात. ज्या झाडाखाली माकड मरून पडले, त्या झाडाखालची जमीन त्या दिवसापासून धोक्याची होते. काजू वेचणारी बाई, सुकी लाकडे गोळा करणारी म्हातारी, गुरे राखणारा पोरगा नेमके तिथेच बसतात. साहेबाच्या खुर्चीखाली हा गोचीड येत नाही. ज्यांना पोटासाठी पाचोळा तुडवावा लागतो, त्यांनाच तो चिकटतो.

गोव्यात २०१५ साली हेच झाले. सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात जंगलात काम करणारे मजूर तापाने पडले. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या जानेवारीत, दोडामार्ग तालुक्यातील केर गावात माकडे मेली, माणसे आजारी पडली आणि महाराष्ट्रात या तापाची नोंद झाली. २०१७ साली सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरात साथ आली. कर्नाटकातील एका जिल्ह्यापुरता समजला जाणारा हा ताप आता केरळ, तमिळनाडू, गोवा आणि आपल्या सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला आहे. जंगल तोडून बागा झाल्या, त्या कडेकडेने गुरे चरू लागली, माणसांची ये-जा वाढली. जंगल, गुरे आणि माणूस यांची अशी सरमिसळ होते तिथे हा आजार फोफावतो, असे डॉ. होर्गे बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ सालीच लिहून ठेवले होते.

इथे कुणी विचारील, मग जंगलातील सारी माकडे परोपजीवींनी पोखरलेली असतात काय? तसे नाही. रानातल्या माकडाच्या आतड्यात जंत, अमीबा आणि अंगात उवा, गोचीड थोडेफार असतातच. पण तो जमाखर्च बहुधा बरोबर जुळलेला असतो. परोपजीवी थोडे खातो, प्राणी थोडे सोसतो आणि दोघेही जगतात. माकडे एकमेकांचे केस विंचरताना दिसतात ना? जपानमधील माकडांचा अभ्यास केलेल्या शास्त्रज्ञांना आढळले की त्यांच्या तोंडात जाते त्यात उवांच्या लिखाच जास्त असतात. म्हणजे ती नुसती करमणूक नसून घरोघरी आपल्या आया-बहिणी करतात तीच फणी आहे.

टांझानियातील महाले डोंगरात १९८७ साली मायकेल हफमन या संशोधकाने एक आजारी चिंपांझी मादी पाहिली. ती एका झुडपाच्या फांदीची साल सोलून आतला कडूजहर गर चघळीत होती. त्यांच्याबरोबर मोहमेदी सैफू कलुंदे नावाचे तिथल्याच टोंग्वे जमातीचे वनरक्षक होते. त्यांनी सांगितले की, आमची माणसेही हेच झाड औषध म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशी ती मादी तरतरीत झाली. चिंपांझी काही खरबरीत पाने न चावता तशीच गिळतात आणि त्यांबरोबर आतड्यातले जंत बाहेर पडतात, हेही पुढे दिसून आले. जंगलाला जंगलाचा दवाखाना असतो, आणि त्याची माहिती पदवीधरापेक्षा तिथल्या वनरक्षकाला आधी होती.

हा जमाखर्च बिघडतो तो माकडाला जंगलातून उचलल्यावर. पिंजऱ्यात कोंडले, साखळीने बांधले, कळपापासून तोडले की ते घाबरते, खाणे टाकते, त्याची ताकद खचते. कडू पाला मिळत नाही, केस विंचरायला सोबती नसतो आणि स्वतःच्याच विष्ठेत बसावे लागते. मग जे जंत त्याने वर्षानुवर्षे सोसले तेच त्याला आडवे करतात. म्हणून जखमी वन्यप्राणी सांभाळणाऱ्या केंद्रात नव्या माकडाला सरळ इतर माकडांत सोडत नाहीत. आधी काही दिवस वेगळे ठेवतात, विष्ठा तपासतात, अंगावरचे गोचीड काढतात, क्षयरोगाची तपासणी करतात आणि मग औषध देतात. क्षय माणसाकडून माकडाला होतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. माकडापासून आपल्याला धोका आहे तसा आपल्यापासून माकडालाही आहे.

याच कारणाने, एका गावची माकडे पकडून दुसरीकडे नेऊन सोडा, ही मागणी वाटते तितकी सोपी नाही. कोकणातील शेतकरी ती कित्येक वर्षे करीत आहेत आणि त्यांचे दुःख खरे आहे. वर्षाचे पीक वानर आणि केलडी एका सकाळी संपवतात. परंतु माकडाबरोबर त्याच्या अंगावरचे गोचीड आणि पोटातले जंतही प्रवास करतात. तपासणी न करता दोडामार्गचे माकड दुसऱ्या जंगलात सोडले, तर आपण आजाराला गाडीभाडे देऊन नेल्यासारखे होईल. शेतकऱ्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. पकडायचेच झाले तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली पकडले पाहिजे.

आता आमच्या मथळ्यातील प्रश्नाकडे येऊ. कर्नाटकातील बंडीपूर व्याघ्र प्रकल्पात २०१२ साली माकडे मेली. ती मेलेली माकडे हाताळणाऱ्या आणि जाळणाऱ्या आदिवासी मजुरांना माकडताप झाला. ज्यांनी जंगलाची घाण साफ केली, त्यांच्याच वाट्याला ताप आला. ही बातमी वाचली तेव्हा आम्हाला आपल्याच घरातील जुन्या गोष्टी आठवल्या. गावात मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे एके काळी जन्माने ठरत होते. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून आपल्या आजोबा-पणजोबांनी ते काम टाकले. त्यापायी मार खाल्ला, बहिष्कार सोसला, पण टाकले. आज नगरपालिकेत, महापालिकेत, वनखात्यात मेलेला प्राणी उचलण्याचे काम करणारे हात बहुधा कंत्राटी असतात आणि त्या हातांची नावे वाचली तर जुनाच हिशेब नव्या वहीत उतरवलेला दिसतो. काम कोणतेही हलके नसते, पण उघड्या हातांनी करायला लावलेले काम हा माणसाचा अपमान असतो. ज्याला मेलेले माकड उचलायला पाठवता त्याला हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि अंगाला लावायचे डी.एम.पी. तेल द्या. काम झाल्यावर साबणाने आंघोळीची सोय करा. ताप आला तर पगारी रजा आणि औषधपाणी द्या. ही मेहेरबानी नसून त्याचा हक्क आहे. आमच्या वाचकांपैकी जे सफाई खात्यात, आरोग्य खात्यात आहेत त्यांनी आपल्या युनियनच्या बैठकीत हा विषय जरूर मांडावा.

मेलेल्या माकडाच्या बाबतीत आणखी एक प्रकार चालतो. गावोगावी मेलेल्या माकडाला हळदकुंकू लावतात, हार घालतात, मांडीवर घेऊन रडतात आणि वाजतगाजत अंत्ययात्रा काढतात. मुक्या प्राण्याविषयी हळहळ वाटणे चांगलेच आहे. परंतु माकडतापाच्या भागात त्या मेलेल्या देहाभोवती जमणारी गर्दी म्हणजे गोचिडांना दिलेले आमंत्रण आहे. तिथे खरी दया कोणती? लांब उभे राहावे, मुलांना आणि गुरांना दूर ठेवावे, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र आणि वनखाते यांना ताबडतोब कळवावे. ते लोक नमुना तपासणीला पाठवतात, देहाचे दहन करतात आणि आजूबाजूच्या जमिनीवर कीटकनाशक पावडर टाकतात. प्रत्येक माकड या तापानेच मरते असे नाही. विजेच्या तारेने, विषाने, गाडीखालीही मरते. पण ते ठरवायचे काम तपासणीचे आहे, अंदाजाचे नव्हे. मेलेल्या माकडाची वेळेवर दिलेली खबर एखाद्या वाडीतील चार जीव वाचवू शकते. मरता मरता माकड आपल्याला सावध करून जाते, म्हणून त्याचे उपकार मानायचे तर असे मानावे.

आता आपल्या ठाण्याकडे येऊ. माकडताप हा दक्षिणेकडच्या सह्याद्रीतला आजार आहे. येऊरचे माकड पत्र्यावर येऊन बसले म्हणून कुणी घाबरून काठी उगारू नये. पण येऊरच्या पायथ्याच्या वस्त्यांत, मलंगगडावर, माळशेज घाटात, माथेरानला माकडांना वेफर आणि पाव भरवण्याची जी हौस आहे ती सोडावी. हातातून खायला शिकलेले माकड उद्या हातातली पिशवी ओढते, चावते, आणि मग त्यालाच दगड खावे लागतात. कचऱ्यातून आणि उघड्यावरच्या घाणीतून माणसाचे जंत त्याच्या पोटात जातात, ते वेगळेच. माकड चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीविषयी विचारावे. हळद, चुना, तंबाखू लावत बसू नये.

विजेच्या धक्क्याने पडलेले माकड किंवा आईपासून सुटलेले पिल्लू दिसले तर आपली पोरे धावतात, ही त्यांची माया आहे. तिला माहितीची जोड द्या. त्याला उघड्या हाताने उचलू नये, छातीशी धरू नये, दूध पाजू नये, घरी तर नेऊच नये. गर्दी हटवावी, कुत्री हाकलावी आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पिल्लाची आई बहुधा जवळच झाडावर असते आणि माणसे दूर झाली की त्याला घेऊन जाते. रस्त्यावर माकड नाचवण्याचा खेळ तर केंद्र सरकारच्या १९९८ च्या अधिसूचनेने बंद केलेला आहे. त्याला पैसे टाकू नयेत.

गावी जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो, त्या कापून भिंतीला लावाव्यात. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलात, काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यात खोचावा, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल लावावे. पाचोळ्यावर बसू नये, निजू नये. घरी आल्यावर गरम पाण्याने व साबणाने आंघोळ करावी, कपडे गरम पाण्यात बुडवावेत, आणि मुलांची काखा, जांघा, कानामागची जागा पाहावी. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. त्याला विडीचा चटका देऊ नये, रॉकेल ओतू नये, नखाने चिरडू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतो. गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. म्हणजे चावतो दोडामार्गला आणि अंथरूण धरावे लागते डोंबिवलीत. एकाएकी जोराचा ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, अंग मोडून येणे, उलट्या, काहींना नाका-हिरड्यांतून रक्त. आपल्याकडचा डॉक्टर हे पाहून साहजिकच डेंग्यू किंवा मलेरिया समजेल, कारण इथे तेच असतात. त्याने विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, "डॉक्टर, मी अमुक दिवशी दोडामार्गच्या जंगलात काजू वेचायला गेलो होतो, तिथे माकडे मेली होती." या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. या तापावर खास औषध नाही, जुन्या लशीचा वापर थांबला आहे आणि नव्या लशीचे काम चालू आहे. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. वेळेवर दवाखान्यात भरती होऊन पाणी, सलाइन आणि देखरेख मिळाली तर बाकीचे उठून बसतात. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. एक धीराची गोष्ट अशी की, हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नका, त्याचे ताट वेगळे करू नका. वाळीत टाकणे काय असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे सदर वाचून झाल्यावर अंक रद्दीत टाकण्याआधी एकदा शेजारच्या, गावी निघालेल्या घरी द्यावा. त्या घरात वाचता येणारे कुणी नसेल तर बसून वाचून दाखवावा.